पिठीचं वजन

ताई इंदापूरहून आली तेव्हा तिच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात टोमॅटोचं निळं कॅरेट. कॅरेटच्या तोंडावर तिची पिवळी ओढणी घट्ट बांधलेली. भर दुपार होती. आमच्या पणदऱ्यात त्या वेळेला कुणी कुणाकडे येत नाही. आई पडवीत शेंगा फोडत होती, दादा, म्हणजे आमचे वडील, डेअरीवर जायच्या आधी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मी बारामतीहून कॉलेज करून आले की जी पालथी पडायची ती पडले होते. ताई उंबऱ्यावरच थांबली. न कळवता आलेली लेक अशी दारात दिसली की आईनं काय विचारायचं? आईनं विचारलं, "कॅरटात काय हाय गं?"

"ससं," ताई म्हणाली आणि आत येऊन भिंतीला टेकून बसली. लासुर्ण्यात उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या, गाडी बराच वेळ उभी होती, एवढंच तिनं पुढं सांगितलं. मी ओढणी सोडली. आत दोन ससे एकमेकांच्या अंगात अंग घालून बसले होते. एक पांढराफेक, पिठाच्या डब्यातून आताच बाहेर काढल्यासारखा. दुसराही पांढराच, पण डोळ्यांभोवती काळी कड, हौसेनं काजळ घातल्यासारखी. कान माझ्या करंगळीएवढे. दोन्ही माद्या होत्या. ताईनं त्यांची नावं पिठी आणि काजळी ठेवली होती.

दादा उठून बसले. "पिल्लं हायत व्हय?"

"न्हाय दादा, मोठी झालेली हायत. एवढीच असत्यात. ड्वार्फ म्हणत्यात. वाणच बुटका हाय."

दादांनी पिठीला मांडीवर घेतलं आणि वासरू पारखतात तसा तिच्या पाठीवरून, बरगड्यांवरून अंगठा फिरवला. "वाण-बिण कायबी न्हाय. खुरटल्यात. कुणी पोटभर घातलंच न्हाय यांना," ते म्हणाले. हे म्हणताना त्यांची नजर पिठीवर नव्हती, ताईवर होती.

तिचं काय झालं होतं ते सरळच सांगते, कारण आमच्या घरात ते कधीच कुणी सरळ सांगितलं नाही. लग्नानंतर तीन वर्षांत ताईची दोन मुलं पोटातच गेली. दुसरं गेलं ते पाचव्या महिन्यात. आमचे दाजी वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना गप्प बसलेल्या बायकोशी काय बोलायचं ते कळत नव्हतं. म्हणून एकदा पुण्याला गेले तेव्हा ते तिच्यासाठी हे दोन ससे घेऊन आले. ताई त्या सशांत रमली. इतकी रमली की सासूबाईंना ते अभद्र वाटायला लागलं. घरात पाळणा हलायचा सोडून हे काय, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. मग दाजीच म्हणाले, चार दिवस माहेरी जाऊन ये. चार दिवसांसाठी कुणी ससे बरोबर नेत नाही, हे त्यांनाही कळलं असणार.

आमचं घर म्हणजे आवाजाचं घर. पहाटे धारा काढताना बादलीत पडणारी दुधाची चळक, मग कडबाकुट्टीचं यंत्र, मग डेअरीवरची माणसं. दादा गावातल्या दूध डेअरीवर सकाळ-संध्याकाळ आलेल्या दुधाचं फॅट काढायचे, त्यावर भाव ठरायचा. लोक येता-जाता "आबा, आज फॅट का उतरलं हो?" म्हणून आमच्या पडवीत येऊन भांडायचे आणि चहा पिऊन जायचे. दादांचं सगळं जगणंच त्या फॅटवर आलं होतं. जनावर बघितलं की त्याला काय घातलं असेल हे ते सांगायचे आणि माणूस बघितलं तरी त्यांचा अंदाज तोच असायचा. घरी दोन जर्शी गाया होत्या. त्यांच्यासाठी विहिरीजवळ लसूण घासाचा तुकडा राखलेला. तो हिरवागार कोवळा घास, सरकीची पेंड, गोळी पेंड. भाकड गाईलासुद्धा दादांनी कधी नुसत्या वाळक्या चाऱ्यावर ठेवली नाही. वाळकं टाकायचं म्हणजे जनावर नको झालं असं सांगणं, असं ते म्हणायचे. त्यावरून आईची आणि त्यांची रोज खणाखणी व्हायची.

ताई आल्यावर आमच्या चुलीला उसंत राहिली नाही. आईनं डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा यायला लागला. दादा संध्याकाळी डेअरीवरून येताना खास एका म्हशीचं दूध आणायचे, तापवून स्वतः तांब्याभर तिच्यापुढं धरायचे आणि ती पीत असताना समोर बसून बघायचे. "अंगाला लागंना काय पोरीच्या," ते रोज म्हणायचे. ताई प्यायची. दादा समोरून उठले की ती शांतपणे मोरीत जायची आणि बोटं घशात घालायची, हे मी दोनदा बघितलं. कुणाला सांगितलं नाही. मी एकोणीस वर्षांची होते आणि आमच्या घरात न सांगणं म्हणजेच शहाणपण होतं.

सशांची खोली म्हणजे पेंडीची पोती ठेवायची जुनी खोली. ताईनं ती झाडून, सारवून घेतली. सकाळी उठल्याबरोबर ती तिथं जायची. मी एवढंच म्हणेन की ती उठायची ते त्या दोघींसाठीच. त्यांच्या तळव्यांना ओल लागू नये म्हणून पोतं रोज बदलायचं. नखं वाढली की मांडीवर उताणं घेऊन, उजेडाकडं धरून, आतली लाल शीर टाळून जेवढ्यास तेवढी कापायची. दात बघायचे, कारण या बुटक्या सशांच्या एवढ्याशा जबड्यात दात मावत नाहीत. ते जन्मभर वाढत राहतात आणि झिजले नाहीत तर वाकडे होऊन गालात रुततात. दात झिजायचे ते वाळलेल्या गवतानं. म्हणून खायला कायम वाळलेलं गवत. त्यावर थोडासा पाला, तोही कधीमधी. आणि रोज सकाळी लेंड्या बघायच्या. लेंड्या गोल, कोरड्या, एकसारख्या पडल्या की ताईचा चेहरा सैल व्हायचा. घरात सगळे बोलत होते, ओरडत होते, भांडी आपटत होते. त्या खोलीत मात्र गवत चावल्याचा तेवढा बारीक आवाज असायचा आणि कुणी अनोळखी आलं की पिठी मागचा पाय जमिनीवर आपटायची तो. एकदा आई कौतुकानं म्हणाली, "दोनीबी माद्याच? मग यांचा उपेग काय?" आणि म्हटल्याबरोबर तिनं जीभ चावली. ताई नखं कापत राहिली.

हे लिहिता लिहिता मी दोनदा उठून आले. आतल्या खोलीत दादा आहेत. उजवी बाजू गेलेली, बोलणं अर्धं तोंडातच राहतं, गिळताना ठसका लागतो. आई जाऊन सहा वर्षं झाली. ताई सांगवीच्या शाळेत शिकवते, संध्याकाळी येते आणि मग मला हात मिळतो. दिवसभर मीच. तीन महिने बिनपगारी रजेवर आहे, चाळिशी उलटली, गुडघे बोलायला लागलेत. मी थकलेय. थकले म्हणायची आपल्याकडे बाईला फार लाज वाटते, मला आता वाटत नाही.

तर, ताई येऊन दोन महिने झाले असतील, तेव्हा इंदापूरहून दाजींचा फोन आला. एकदा येऊन बोलूया, आठ दिवस राहा, बघूया. दादांच्या तोंडावर उजेड पडला, आईनं लगेच लाडवांचा डबा भरला. ताई जायला तयार झाली, पण ससे न्यायचे नाहीत असं तिकडून आधीच बजावलं होतं. निघायच्या सकाळी तिनं मला त्या खोलीत नेलं. तिनं माझं मनगट धरलं होतं. "रोहिणे, वाळलेलं गवत. बाकी काय न्हाय. कुणीबी काय दिलं तरी त्यांच्यापुढं ठेवायचं न्हाय. दादांनीबी. ध्यानात ठेव, यांचं पोट लई नाजूक असतंय." मी हो म्हणाले. मला ते नीट समजलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं मला बरेचजण म्हणाले की तू लहान होतीस, तुला काय कळणार. मला कळलं होतं.

ताई गेली त्याच संध्याकाळी दादा डेअरीवरून आले ते सरळ सशांच्या खोलीत. कोपऱ्यात ढिगानं वाळलेलं गवत होतं ते त्यांनी पायानं बाजूला सारलं. "हे काय? माझ्या दारात आलेलं जनावर वाळकं खाणार?" आणि विहिरीजवळून कोवळ्या घासाची पेंडी कापून आणली, दव पडल्यासारखी ओली. पिठी त्यावर तुटून पडली. काजळी जरा घुमी होती, तिनं गवतच खाल्लं. दादा उकिडवे बसून पिठीकडं बघत होते. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना असं हसताना बघत होते. "बघ, भुकेजली होती बिचारी," ते म्हणाले. ताईचं वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. का गिळलं? दादांचा धाक होता असं नाही, ते आमच्यावर कधी हात उचलायचे नाहीत. पण दोन महिने हा माणूस तांब्या घेऊन लेकीपुढं बसत होता आणि लेक वाळत चालली होती. आता कुणीतरी त्यांनी दिलेलं पटापटा खात होतं. मला ते मोडवेना.

दुसऱ्या दिवशी घासावर मूठभर गोळी पेंड आली. तिसऱ्या दिवशी भिजवलेली सरकी. आई कशाला मागं राहील, तिनं चपातीला गूळ लावून दिला. आणि दादांनी वजनाचं काढलं. पिठीला त्यांनी रिकाम्या दुधाच्या किटलीत घातलं, किटली घेऊन डेअरीवर गेले, काट्यावर ठेवली आणि किटलीचं वजन वजा करून परत आल्यावर गोठ्याच्या लाकडी खांबावर खडूनं आकडा लिहिला. नऊशे ग्रॅम. डेअरीवर म्हणे हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. "आबा, सशाचं फॅट किती लागतंय?" म्हणून एकानं विचारलं. दादा चिडले नाहीत. एक दिवस आड ते पिठीला किटलीतून न्यायला लागले. नऊशे पन्नास. मग हजाराच्या वर. खांबावरचे आकडे चढत होते आणि दादा मला बोलवून बोलवून दाखवत होते. "आता सुजाता आली की म्हणंल, ही कोण?" सुजाता म्हणजे ताई. ती रोज संध्याकाळी फोन करायची. "काय करत्यात गं दोघी?" मी म्हणायची, "मजेत हायत."

सहाव्या दिवशी सकाळी पिठी कोपऱ्यात पाठ वर करून, पाय पोटाखाली घेऊन बसली होती. घास तसाच पडलेला. गूळ तसाच. मी हाक मारली तर तिनं कान हलवला नाही. जवळ कान नेल्यावर करकर ऐकू आली, ती दात खात होती. मी पोतं उचलून बघितलं. काजळीच्या बाजूला लेंड्या होत्या, पिठीच्या बाजूला एकही नव्हती. तिच्या पोटाला हात लावला तर ते नगाऱ्यासारखं ताणलेलं. दादांना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि त्यांना लगेच ओळखीचं काहीतरी सापडलं. "पोट फुगलंय. कोवळ्या घासानं गाईचंबी फुगतंय. घाबरू नको." आणि ते स्वयंपाकघरात जाऊन गोडेतेल घेऊन आले. गाय फुगली की तेल पाजायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं. त्यांच्या हातावर कितीतरी गाया वाचलेल्या. त्यांनी पिठीला बगलेत धरलं, तिचं तोंड वर केलं. त्यांच्या हातात तेलाची बाटली होती आणि पिठीचं तोंड त्या बाटलीच्या बुचाएवढं होतं.

"दादा, न्हाय," मी म्हणाले. "तेल नको. ताईनं सांगितलं होतं. वाळलेल्या गवताबिगर काय द्यायचं न्हाय म्हणून. मला सांगितलं होतं. मी तुमाला बोलले न्हाय."

दादांनी बाटलीचं बूच लावलं. शांतपणे, नीट फिरवून. पिठीला माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "गाडी काढतो."

बारामतीत गाई-म्हशींचे डॉक्टर पैशाला पासरी, पण सशाला हात लावायला कुणी तयार होईना. दोन ठिकाणी तर आधी हसलेच. शेवटी एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या, कुत्र्या-मांजरांचा दवाखाना होता त्यांचा. पोटाला नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, पोट थांबलंय. सशाचं पोट चालतंच राहावं लागतं, थांबलं की आत सगळं सडायला लागतं. काय काय खायला दिलं? मी सांगायला लागले तर दादांनी मला थांबवलं. "मी सांगतो," ते म्हणाले. आणि त्यांनी सगळं सांगितलं. घास किती, पेंड किती, सरकी किती, एक एक करून. काही लपवलं नाही, काही कमी केलं नाही. बाईंच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या, पण त्या वयस्क माणसाला काय बोलणार. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, हा ससा बुटका आहे. हा एवढाच असतो. ह्याचं वजन वाढवायचं नसतं." दादा म्हणाले, "व्हय. पोरीनं सांगितलं होतं आमच्या."

दोन इंजेक्शनं, एक गॅसचं औषध, आणि वाळलेलं गवत बारीक कुटून पाण्यात कालवून ते सिरिंजनं गालाच्या कडेनं थोडं थोडं भरवायचं. पोट हलकं चोळत राहायचं. एक लेंडी पडली तरी आशा आहे, असं बाई म्हणाल्या. दादांनी दुसऱ्या माणसाला डेअरीवर उभं केलं. पायाचं हाड मोडलं तेव्हाही त्यांनी फॅट काढायचं सोडलं नव्हतं. आता ते दिवसभर सशांच्या खोलीत बसून होते. आईनं गवत उखळात कुटलं, वस्त्रगाळ केलं. मी सिरिंज धरायची, दादा पिठीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचे. पहिले दोन-तीन थेंब जायचे, मग ती तोंड फिरवायची. "घे गं, एवढं घे," दादा म्हणायचे. त्यांचा तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता. एका वेळेला मला वाटलं ते रडतायत, पण त्यांना सर्दी झाली होती, निदान ते तसं म्हणाले. घरातली तीन माणसं एका लेंडीची वाट बघत बसली होती. बाहेर गाया हंबरून दमल्या, त्यांच्या धारा उशिरा निघाल्या. संध्याकाळी ताईचा फोन आला आणि मी पुन्हा म्हणाले, "मजेत हायत." यावेळी दादा शेजारीच बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आली. पुन्हा न कळवता. यावेळी कॅरेट नव्हतं आणि लाडवांचा डबा जसा नेला तसाच भरलेला परत आला होता. नंतर कळलं, तिकडं सगळ्यांनी मिळून तिला समोर बसवलं होतं, तुझी प्रकृतीच दुबळी, तू कागदावर सही कर, आपण वेगळे होऊ, असं सांगितलं होतं, आणि तिनं सही केली होती. पण त्या दुपारी तिनं त्यातलं काही सांगितलं नाही. ती थेट खोलीत आली. दादांच्या मांडीवर टॉवेल, माझ्या हातात सिरिंज, भुईवर तुडवलेला घास. तिनं सगळं एका नजरेत बघितलं. मला वाटलं आता ही किंचाळेल. मनातून मला ते हवंही होतं.

ती खाली बसली. दादांच्या मांडीवरून तिनं पिठीला उचललं नाही, तिथंच तिच्या कपाळावर दोन बोटं ठेवली. पिठीनं डोळे मिटले. दादा म्हणाले, "सुजाता, माझ्या हातनं झालं. मला वाटलं, वाढंल." मग लहान पोरानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हिचं वजन किती असाया पायजे गं?"

"हाय एवढंच, दादा," ताई म्हणाली. "ही एवढीच असती. हिच्यात काय कमी न्हाय."

दादांनी तिच्याकडे बघितलं. त्या दिवसानंतर त्यांनी ताईपुढं दुधाचा तांब्या धरला नाही, आणि अंगाला लागत नाही हे वाक्य आमच्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही. माझा बाप शहाणा माणूस होता, फक्त त्याला एक गोष्ट कळायला एक जीव जावा लागला. पिठी सूर्य मावळायच्या आत गेली. लेंडी पडली नाही.

विहिरीच्या वरच्या बाजूला, घासाच्या तुकड्यापासून लांब, दादांनी खड्डा घेतला. आईनं मेणबत्ती लावली आणि बुद्धवंदना म्हटली, माणसासाठी म्हणतात तशी पुरी म्हटली. परत येताना मी ताईला म्हणाले, "मला म्हाईत होतं. तू सांगितलं होतंस. मी दादांना बोलले न्हाय, तुलाबी फोनवर खोटं बोलले." मला मार खायचा होता. ताई चालत राहिली. गोठ्याजवळ आल्यावर म्हणाली, "मला तरी कुठं सांगता आलं? दोन महिने मी त्यांचं दूध मोरीत ओकत होते." मग आम्ही दोघी गोठ्याच्या मागं उभ्या राहून रडलो. ती किती कशासाठी रडत होती ते मी मोजत बसले नाही. मी माझ्यापुरती रडले. गोठ्यात आलो तेव्हा दादा ओल्या फडक्यानं खांबावरचे आकडे पुसत होते.

काजळी त्यानंतर सात वर्षं जगली. दुसऱ्याच दिवसापासून दादा विळा घेऊन कालव्याच्या कडेला जायला लागले. मारवेल, हरळी, जे असेल ते कापायचं, माळवदावर पातळ पसरायचं, दिवसातून दोनदा उलटं करायचं, पाऊस दिसला की पळत जाऊन गोळा करायचं. पावसाळ्याची बेगमी म्हणून त्यांनी पोतीच्या पोती वाळलं गवत भरून ठेवलं. येणारा-जाणारा म्हणायचा, आबा, विहिरीपाशी एवढा घास असून हे वाळकं कशाला? दादा म्हणायचे, तिला हेच लागतंय. ताईनं बी.एड. केलं, नोकरीला लागली. पुन्हा लग्नाचं चार-दोन जणांनी काढलं, दादांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. पिठीचं नाव मात्र त्यांनी एकदाही काढलं नाही. आम्हीही नाही. बावीस वर्षं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. दादांचं खाणं महिनाभरापासून उतरत चाललंय. मी पेज करते, मुगाचं कढण करते, पपई घोटते. चौथ्या चमच्याला ते तोंड फिरवतात. मी सोडत नाही. हनुवटी धरते, रागावते, गोड बोलते, ते फारच ऐकेनासे झाले तर सिरिंजनं गालाच्या कडेनं भरवते. दर रविवारी त्यांना धरून काट्यावर उभं करते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहिते. त्रेपन्न. बावन्न. साडेएकावन्न. काल दुपारी ताईला फोनवर मी म्हणत होते, "एवढं करते गं, अंगाला काही लागतच नाही," आणि तिकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली.

आज सकाळी पाचवा चमचा मी त्यांच्या ओठाशी धरला होता. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खांद्यावरून मागं भिंतीकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. मला कळलं नाही, मी कान जवळ नेला. शब्द लावायला त्यांना फार वेळ लागतो.

"किटली," ते म्हणाले. मग पुन्हा श्वास घेऊन, "किटली वजा केली का?"

मी वळून कॅलेंडरवरच्या आकड्यांकडं बघितलं. दादांच्या चांगल्या बाजूचा गाल थोडासा वर गेला होता. ते माझी थट्टा करत होते. मला हसू आलं, आणि हसता हसता जे यायचं तेही आलं. त्यांनी डाव्या हातानं माझा चमच्याचा हात हळूच खाली दाबला. "पुरं, पोरी," ते म्हणाले.

मी वाटी खाली ठेवली.